मिस अर्लीनची सगळी खोकी

मिस अर्लीन पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला बसायला खुर्ची देत नसत, हातात खोकं देत. “हे जरा त्या खोलीत ठेव,” म्हणत. तुम्ही ते आत नेऊन ठेवलं की तिथलं दुसरं उचलून बाहेर आणायला सांगत. असं तीन-चारदा झालं आणि तरी तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या नाहीत, तर थंडगार लिंबाचं सरबत मिळे आणि खुर्चीही मिळे. आठ्या घालणाऱ्याला सरबत तेवढं मिळे, पण तो परत येत नसे, त्यामुळे दोन्ही बाजूंचा वेळ वाचे. मी नागपूरची, उन्हाची मिजास मला कुणी सांगू नये. पण ह्यूस्टनचा ऑगस्टमधला दमट उकाडा निराळाच. चौथं खोकं ठेवेपर्यंत कुर्ता अंगाला चिकटला होता आणि चष्म्यावर वाफ धरली होती. मी आठ्या घातल्या नाहीत, कारण तेवढीही ताकद उरली नव्हती. त्यांनी ती माझी चिकाटी समजली आणि मला आपल्यात घेतलं.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. मिस अर्लीन बॅप्टिस्ट हे त्यांचं पूर्ण नाव. तिकडे वयाने मोठ्या बाईला नावाच्या आधी मिस लावतात, लग्न झालेलं असो नसो. आपल्या ताईसारखंच ते. शहराच्या पूर्वेला, मालगाड्यांच्या रुळांपलीकडे ब्लॅक लोकांची एक जुनी वस्ती आहे. तिथल्याच शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, आणि रोज शाळा सुटल्यावर उरलेला जन्म शहराशी भांडण्यात घालवला. साऱ्या शहराचा कचरा जाळायची भट्टी यांच्याच वस्तीत का, शाळेतून घरी निघालेल्या पोरांना पोलिस इथेच का अडवतात, घर दुरुस्तीला बँक इथल्याच लोकांना कर्ज का नाकारते, हे त्यांचे प्रश्न. यातले काही प्रश्न सुटले, काही त्यांच्यामागे राहिले. अ‍ॅक्टिव्हिस्ट म्हटलेलं त्यांना खपत नसे. “मी गणिताची मास्तरीण आहे,” म्हणत. “उत्तर चुकलेलं दिसलं की मला गप्प बसता येत नाही.”

त्या सगळ्या भांडणांचे कागद त्यांच्या घरात होते. पत्रकं, फोटो, पोलिसांकडच्या तक्रारींच्या प्रती, मोर्च्यांच्या पाट्या, सभांच्या कॅसेट. दोन खोल्या छतापर्यंत भरल्या होत्या आणि न्हाणीघराच्या वाटेवर अंग चोरून जावं लागे. जग त्याला आर्काइव्ह म्हणायला लागलं होतं, त्या ‘सामान’ म्हणत. त्यांच्या मनात एकच होतं, की हे सामान सगळंच्या सगळं टिकावं आणि ते वस्तीतच राहावं. वयाची ऐंशी उलटली होती, घर लाकडी होतं, दरवर्षी वादळांचा मोसम येत होता. मुलगी डेनिस अटलांटाहून रोज फोन करून म्हणे, घर वीक आणि माझ्याकडे ये. त्या रोज म्हणत, सामानाचं झालं की येते.

मी त्यांच्या हाती लागले ती आमच्या कंपनीमुळे. आमची तेलाची कंपनी, वर्षातून एकदा तिला समाजसेवेची उबळ येते. त्या दिवशी सगळ्यांना सारखे टी-शर्ट देतात आणि कुठल्यातरी गरीब वस्तीत नेऊन कुंपण रंगवायला लावतात. मी चर्चचं कुंपण रंगवत होते. मागून आवाज आला, की खालच्या बाजूला रंग पोहोचलेला नाही. वळून पाहिलं तर काठी टेकत एक उंच, ताठ बाई उभी, डोक्यावर पांढरी हॅट. तू एरवी काय काम करतेस, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कंपनीचे जुने रिपोर्ट, नकाशे, फाइली स्कॅन करून नीट लावून ठेवायचं काम. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या आमच्या व्हाइस प्रेसिडेंटच्या हातात दिला. “हिला मी नेते,” म्हणाल्या. तो बिचारा ‘येस मॅम’ म्हणून दोन ब्रश घेऊन उभा राहिला.

त्यानंतर बहुतेक शनिवारी शुगर लँडहून, म्हणजे आमच्या उपनगरातून, तासभर गाडी चालवत मी तिकडे जाऊ लागले. आमच्या मराठी मंडळात याची चर्चा झाली नसती तरच नवल. तिकडे सेफ आहे का यार, असं मंडळातल्या प्राजक्ताने मला इतक्या वेळा विचारलं की एकदा मी तिला गाडीत घालूनच नेलं. मिस अर्लीननी तिला खोकी उचलायला लावली, सरबत पाजलं आणि मग शांतपणे विचारलं, की तुमच्या कॉलनीत ब्लॅक कुटुंबं किती आहेत आणि त्यातल्या किती घरांत तू चहा प्यायली आहेस. प्राजक्ता मुंबईची, बोलण्यात कधी हार न जाणारी. ती सरबताच्या ग्लासाकडे बघत राहिली. मलाही तो प्रश्न लागला, कारण माझंही उत्तर काही मिरवण्यासारखं नव्हतं. पुढच्या शनिवारी प्राजक्ता आपणहून आली, येताना बटाटेवडे घेऊन.

शनिवारची त्यांची पद्धत ठरलेली होती. चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलांवर फोटो मांडायचे. वस्तीतली म्हातारी माणसं तळलेले मासे, मक्याचा ब्रेड असं काहीबाही घेऊन येत. एकेका फोटोतले चेहरे ओळखायचे. नाव एकाने सांगून चालत नसे, दुसऱ्या कुणीतरी त्याला हो म्हणावं लागे. त्यावरून अशी काही जुंपे की विचारू नका. पण खरी गंमत पुढे होती. सगळी नावं झाली की मिस अर्लीन काठी आपटून विचारत, “आता सांगा, यात कोण नाही?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कचराभट्टीविरुद्धच्या मोर्च्याचा फोटो होता, पुढे पाद्री, वकील, छातीवर पाट्या घेतलेली माणसं. यात कोण नाही म्हटल्यावर टेबलाभोवतीची माणसं बोलू लागली. फोटो काढणारा रॉय नाही. चर्चच्या स्वयंपाकघरात दोनशे माणसांचं जेवण रांधणाऱ्या पाचजणी नाहीत. मोर्च्यातल्यांची पोरं सांभाळत घरी बसलेली मिस विली मे नाही. आदल्या दिवशी पकडलेली दोन पोरं नाहीत, ती कोठडीत होती. ही नावंही मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे लिहिली जात, आणि पुढच्या नावांइतक्याच नीट अक्षरात. मी इतकी वर्षं डेटाच्या धंद्यात आहे. जे समोर आहे त्याची नोंद करायला मी शिकले होते. जे नाही त्याची नोंद करायची हे मला त्या बाईने शिकवलं.

त्या वर्षी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. घरी कंटाळते म्हणून मी तिला बरोबर नेई. तिचं इंग्रजी जेमतेम आणि मिस अर्लीनचं मराठी शून्य, पण दोघी तासन्‌तास बोलत बसत. आई त्यांना अर्लीनताई म्हणे. ती खोकी बघून आईच्या जिवाला घोर लागला. “अगं, कसर लागून राहिली असंल याला, काही घातलं की नाही यात?” मला म्हणाली. मी हो हो म्हणून कामाला लागले. पुढच्या शनिवारी मी स्कॅनिंगमध्ये गुंतले असताना आईने पिशवी उघडली आणि पैठणीच्या ट्रंकेत घालावं तितक्या मायेने खोक्याखोक्यात डांबरगोळ्या पेरल्या.

नेमक्या त्याच दुपारी केट येणार होती. केट म्हणजे एका मोठ्या विद्यापीठातली जुन्या कागदपत्रांची तज्ज्ञ. विद्यापीठाला हे सामान हवं होतं. दारातच तिने नाक वर केलं. मग खोकं उघडलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. डांबरगोळ्यांची वाफ फोटोंना आणि प्लास्टिकला बाधते, हे मला माहीत होतं, आईला असायचं कारण नव्हतं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आई काय झालं म्हणून माझ्याकडे बघतेय, केट मोठ्या सभ्यपणे गोळ्या वेचतेय, आणि मिस अर्लीन हसून हसून डोळे पुसतायत. त्या केटला म्हणाल्या, की तुम्ही लोक आल्यापासून यातलं काय ठेवायचं नाही ते सांगताय. हे सगळंच टिकवायला हवं, असं वाटणारी ही पहिली बाई. मग त्यांनी आईला शेजारी बसवून घेतलं आणि दोघींनी मिळून एकेक गोळी वेचून काढली. तो वास पुढे कितीतरी आठवडे गेला नाही.

केट वाईट नव्हती, हे सांगायला हवं. कामात पक्की होती आणि मनापासून करत होती. विद्यापीठाकडे थंड, कोरडी कोठारं होती, वादळ आलं तरी कागदाला थेंब लागणार नव्हता. पण त्यांच्या दोन अटी होत्या. सगळं सामान घेता येणार नाही, निवड करावी लागेल. आणि ते बघायला येणाऱ्याने आधी वेळ घ्यावी, दारावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं. शहराबाहेर ते विद्यापीठ, बस बदलत जायला अर्धा दिवस.

निवड करायचा दिवस मला पक्का आठवतो. केटने दोन ढीग केले, हवंय आणि नकोय. पाद्री आणि वकिलांचे फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं हव्याच्या ढिगात. सभांच्या बऱ्याच कॅसेट नकोच्या ढिगात, कारण आवाज नीट ऐकू येत नव्हता. मिस अर्लीन नकोच्या ढिगापाशी गेल्या, बोटाने चाळत एक कॅसेट काढली आणि मला म्हणाल्या, “मेधा, ही लाव.”

खरखर होती. मग एका तरुण बाईचा धारदार आवाज आला. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला, तो त्यांचाच होता. भट्टीविरुद्धच्या मोर्च्याचा बेत आधीच नगरपालिकेला कळला होता, कुणीतरी फोडला होता. भर सभेत मिस अर्लीन सांगत होत्या, की फितूर आपल्यातच बसलाय आणि त्याचं नाव लेनर्ड. लेनर्ड तेव्हा विशीतला, नगरपालिकेची कचऱ्याची गाडी चालवायचा. ज्याचं मीठ खातो त्याला बातमी देणारच, असा त्यांचा हिशेब. टाळ्या झाल्या. मग माईक बंद केल्याचा खटका ऐकू आला, आणि त्यामागे लांबून, अस्पष्ट, एक पुरुषाचा आवाज काहीतरी बोलत राहिला. शब्द कळत नव्हते.

“लेनर्ड बोलायला उठला तेव्हा माईक मी बंद केला,” मिस अर्लीन म्हणाल्या. “टेप बंद करायचं राहिलं.”

लेनर्ड फितूर नव्हता. बातमी दुसरीकडूनच फुटली होती आणि ते त्यांना महिन्याभरात समजलं होतं. त्या त्याच्या दाराशी गेल्या, त्याने दार उघडलं नाही. तो मोर्च्याच्या कमिटीतून गेला, त्याने चर्च बदललं, आणि दोन गल्ल्या पलीकडे राहूनही उरलेलं सारं आयुष्य त्यांच्याशी बोलला नाही. हे सगळं त्यांनी आम्हाला फळ्यावर गणित सोडवावं तसं पायरी पायरीने सांगितलं. मग केटला म्हणाल्या, “निवडायला बसलं ना, की पहिली बाहेर जाते ती आपली चूक. म्हणून मी निवडू देणार नाही. आणि लेनर्डला स्वतःचा आवाज ऐकायला कुणा शिपायाला ओळखपत्र दाखवावं लागेल, तेही मी होऊ देणार नाही. या वस्तीतल्या माणसांनी जन्मभर पुरेशी ओळखपत्रं दाखवलीत.”

केट गेल्यावर मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, एका वादळात सगळंच जाईल, मग काय सगळं नि काय निवडक. डेनिसही फोनवर रडली. त्या ऐकून घेत, सरबत देत आणि विषय बदलत. रागाने माझं डोकं फिरायचं. इतका हट्टीपणा मी फक्त आमच्या घरात पाहिला होता.

पण हट्टाला त्यांनी कामाला लावलं. वस्तीतच सार्वजनिक वाचनालयाची छोटी शाखा आहे. तिथे मागच्या बाजूला एक खोली मोडक्या खुर्च्यांनी भरून पडलेली होती, एसी असलेली, जमीन उंच असलेली. मिस अर्लीननी ती हेरली. दर मंगळवारी सकाळी त्या घडीची खुर्ची घेऊन वाचनालयाच्या मुख्य कचेरीत जात आणि साहेबांच्या दारासमोर मांडून बसत. भांडण नाही, घोषणा नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला गुड मॉर्निंग म्हणत आणि पोरांच्या जुन्या गणिताच्या वह्या तपासाव्यात तशा फोटोंच्या मागच्या पेन्सिलीच्या खुणा तपासत. शिपायाची मुलगी त्यांची विद्यार्थिनी निघाली, मग त्याने उशी आणून दिली. काही आठवड्यांनी साहेबांनी हात टेकले. खोली मिळाली. तिकडे केटनेही आपल्या लोकांशी भांडून तोड काढली होती. विद्यापीठ सगळ्याच्या प्रती करून घेईल, खराब कॅसेट साफ करून देईल, आणि मूळ सामान वस्तीतल्या खोलीत राहील. दार वाचनालयाच्या वेळात उघडं, ओळखपत्र नाही. मिस अर्लीननी कागद दोनदा वाचून सही केली आणि केटला पहिल्यांदा मिठी मारली.

सामान हलवायला आमचं मंडळ आलं. हे प्राजक्ताचं काम. ज्यांनी गणपतीची मखरं आणि नाटकांचे सेट वर्षानुवर्षं मिनीव्हॅनमधून ओरखडा न पडता वाहिले, त्यांना खोकी काय जड. जूनमधल्या उकाड्यात पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे इंजिनियर घामाघूम होऊन पायऱ्या चढत-उतरत होते आणि ‘अरे सांभाळून, खालून धर’ असा गजर चालला होता. मिस अर्लीन व्हरांड्यात उभं राहून प्रत्येक गाडीवाल्याला आतल्या खोक्यांत काय आहे ते सांगत. माहीत असलं की माणूस ब्रेक हळू दाबतो, असं त्यांचं म्हणणं. घर रिकामं झालं तेव्हा त्या आत एक चक्कर मारून आल्या आणि डेनिसला फोन लावून म्हणाल्या, की माझं तिकीट काढ.

अटलांटाला जाण्याआधी खोली उघडायचा एक छोटा कार्यक्रम ठेवला होता. भाषणं नकोत, फक्त लोक येऊन बघून जातील. मिस अर्लीननी वस्तीतल्या ज्याच्या-त्याच्या तोंडून लेनर्डला निरोप धाडला होता, न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत. तो येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. माणसं जमली, टेबलांवर फोटो मांडले, कुणीतरी कुणाच्यातरी काकाला ओळखून हसत होतं. आणि दारात एक जाडसर, पाठीत किंचित वाकलेला म्हातारा येऊन उभा राहिला. खोलीत कुजबुज पसरली. शाखेतल्या मुलीने त्याला फक्त गुड आफ्टरनून म्हटलं आणि आत यायची खूण केली. तो आत आला, पण दारापासून लांब गेला नाही.

मिस अर्लीन कोपऱ्यात बसल्या होत्या. काठीवर जोर देऊन उठल्या. “मेधा, ती कॅसेट लाव.”

साफ केलेला आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये होता. मी हेडफोन शोधू लागले, मला वाटलं, लेनर्ड एकटाच ऐकेल.

“हेडफोन नको,” त्या म्हणाल्या. “स्पीकरवर. मी सगळ्यांसमोर बोलले होते.”

मी लावलं. आधी त्यांचा तो तरुण, धारदार आवाज. दोन-चार जण ओळखून हसले, मग काय चाललंय ते कळलं आणि त्यांनी हातातले फोटो खाली ठेवले. टाळ्या झाल्या. खटका झाला. आणि मग, आता अगदी स्वच्छ, लेनर्डचा आवाज. माईकशिवाय, भरल्या सभेपुढे, एकटा. मी कचऱ्याची गाडी चालवतो म्हणून तुम्ही माझ्याकडे बोट दाखवता, तो म्हणत होता. त्या भट्टीच्या धुराखाली माझी आई झोपते. तो वास तुम्ही भाषणात सांगता, मी रोज अंगावर घेऊन घरी जातो. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. बघा माझ्याकडे, कुणीतरी बघा माझ्याकडे. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज होते, माणसं उठून जात होती, तो बोलतच होता.

कुणीतरी मिस अर्लीनच्या मागे खुर्ची सरकवली. त्यांचे गुडघे फार वेळ उभं राहू देत नसत. त्यांनी ती न बघताच हाताने मागे ढकलली. त्या लेनर्डकडे बघत होत्या. तो जमिनीकडे बघत होता. मला रडू आवरत नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

टेप संपली. मिस अर्लीन म्हणाल्या, “लेनर्ड, तू खरं बोलत होतास. मी खोटं बोलले होते, आणि ते मला महिन्याभरातच कळलं होतं. हे सगळ्यांसमोर सांगायला मी इतका उशीर केला.”

लेनर्डने मान वर केली, पण त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

“पुन्हा लावता का,” तो म्हणाला. “पहिल्यापासून.”

मी मिस अर्लीनकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि काठी दुसऱ्या हातात घेतली. मी पहिल्यापासून लावली. टेप संपेपर्यंत त्या उभ्याच होत्या.